तैलरंगात लवकर सुकणारे जेल: पहिल्या बाटलीपासून व्हार्निशपर्यंत

तैलरंगात काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न छळतो, तो म्हणजे रंग सुकणार कधी. पोस्टर कलर आणि जलरंगांच्या वाटेने आलेल्या हाताला थांबायची सवय नसते. जुलैत मुंबईत किंवा कोकणात चित्र सुरू केले, तर कॅडमियम रेडने रंगवलेला कोपरा आठवडा उलटून गेला तरी बोटाला चिकटतो, त्यावर दुसरा हात देता येत नाही, आणि तोवर मनात धरलेली छटाही निसटून जाते. अशा वेळी कोणीतरी रंगात मिसळायचे, तो लवकर सुकवणारे जेल वापरून पाहायला सांगते, बाटली घरी येते आणि बहुतेकांची पहिली चूक त्याच संध्याकाळी होते: जेल भरपूर घातले की रंग तितकाच लवकर सुकेल, असे गृहीत धरले जाते.

हा लेख त्या पहिल्या बाटलीसाठी आहे. त्यातील प्रत्येक सूचना एकाच गोष्टीवर उभी आहे आणि ती सुरुवातीलाच सांगणे बरे. रंगाचा थर हाताला सुका लागणे आणि तो आतून पक्का होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. जेलमुळे पहिली घटना लवकर घडते, दुसरीला मात्र महिने लागतात. हा फरक लक्षात राहिला तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

रंग सुकतो म्हणजे काय होते

जलरंग सुकतो तेव्हा त्यातील पाणी उडून जाते. तैलरंगातून मात्र तेल उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि द्रव तेलाचे घट्ट, लवचीक कातडे तयार होते. ही क्रिया आपण घरातही पाहतो. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी ओघळून राहिलेले थेंब काही आठवड्यांनी पिवळट, चिकट होतात आणि साध्या पाण्याने निघत नाहीत, कारण तेथे तेलाचा हवेशी दीर्घकाळ संपर्क आलेला असतो. सगळी तेले सारखी नसतात. खोबरेल तेल कितीही उघडे ठेवले तरी सुकत नाही, शेंगदाण्याचे तेल चिकट होऊन तेथेच अडते, करडईचे तेल सावकाश सुकते आणि जवसाचे तेल त्या मानाने लवकर व भक्कम सुकते. म्हणूनच चित्रकारांनी जवस निवडला. करडईचे तेल कमी पिवळे पडत असल्यामुळे पुष्कळ कंपन्या पांढरा रंग त्यात घोटतात, आणि त्यामुळे तो पांढरा सुकायला अधिक वेळ घेतो.

रंगद्रव्याचाही सुकण्याशी संबंध असतो. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर यांत मँगनीज असते, कोबाल्ट ब्लूमध्ये कोबाल्ट असते. हे धातू प्राणवायू शोषण्याची क्रिया वेगाने घडवून आणतात, म्हणून हे रंग एक-दोन दिवसांत हाताला सुके लागतात. कॅडमियमचे लाल-पिवळे रंग, आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमझन रेंगाळतात. एकाच चित्रात अंबरची सावली सुकून गेलेली आणि तिच्याशेजारचे लाल फळ ओले, ही स्थिती म्हणूनच येते. जेल सगळ्या रंगांना एका रेषेत आणत नाही, परंतु त्यांच्यातील अंतर बरेच कमी करते, आणि नवशिक्याला त्याचा खरा उपयोग येथे होतो.

जेलमध्ये असते काय

आज दुकानात मिळणारी बहुतेक लवकर सुकणारी जेले अल्किड रेझिनची, म्हणजे एका कृत्रिम राळेची, असतात. अल्किड म्हणजे ग्लिसरॉलसारखे अल्कोहोल आणि एक आम्ल यांच्यापासून बनवलेले रेझिन, ज्यात सुकणाऱ्या तेलाचा अंश जोडलेला असतो. त्याचे रेणू आधीच मोठे आणि अर्धवट गुंफलेले असल्यामुळे उरलेले काम हवेत लवकर उरकते. त्यात सुकवणाऱ्या धातूंचे क्षार थोड्या प्रमाणात असतात आणि बहुधा पेट्रोलियमपासून काढलेला द्रावकही (सॉल्व्हंट) असतो. अल्किड 1920 च्या दशकापासून औद्योगिक रंगांत वापरात आले आणि पुढे चित्रकारांच्या साहित्यात शिरले.

तैलरंगात जेल मिसळण्याची हौस मात्र अल्किडपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये मेगिल्प नावाचे जेल लोकप्रिय होते. मॅस्टिक नावाच्या राळेचे व्हार्निश आणि शिशाची प्रक्रिया केलेले जवसाचे तेल एकत्र केले की थरथरणारी जेली तयार होई. ब्रशखाली ती लोण्यासारखी चाले आणि ब्रश उचलताच जागेवर थांबे. चित्रकारांना तिचा मोह पडणे स्वाभाविक होते. पण वर्षे गेली तसे हे थर काळवंडले, ठिसूळ झाले, त्यांना भेगा पडल्या. जोशुआ रेनॉल्ड्स यांच्यासारख्या थोर चित्रकाराच्या कितीतरी चित्रांची अशा प्रयोगांमुळे हानी झाली. अल्किडचे जेल मेगिल्पपेक्षा कितीतरी भरवशाचे आहे, तरीही जुन्या मेगिल्पची आठवण ठेवलेली चांगली, कारण ब्रशखाली जे सुखद लागते त्याचे प्रमाण हातातून सुटायला वेळ लागत नाही.

दुकानात काय मागावे

येथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. 'जेल मीडियम' एवढेच मागितले तर दुकानदार बहुधा ॲक्रिलिकचे जेल पुढे ठेवतो. ते पांढरे, दुधाळ, पाण्यात मिसळणारे असते आणि ते तैलरंगात मिसळायचे नसते. पाण्यावर आधारलेले ते जेल तेलाशी एकजीव होत नाही आणि थर कधीच नीट बसत नाही. म्हणून मागताना 'ऑइल कलरसाठी अल्किड मीडियम' असे स्पष्ट म्हणावे आणि लेबलवर तैलरंगांचा उल्लेख आहे का, हे स्वतः वाचावे. तैलरंगाचे जेल सहसा मधासारखे किंवा फिकट तपकिरी, अर्धपारदर्शक दिसते. बाटलीतील तो तपकिरी रंग पाहून घाबरू नये. पातळ थरात तो जाणवत नाही.

विन्सर अँड न्यूटन या 1832 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे लिक्विन आपल्याकडे सर्वाधिक ओळखीचे आहे. त्यातही प्रकार आहेत. 'ओरिजिनल' रोजच्या मिश्रणासाठी आणि ग्लेझसाठी, म्हणजे सुकलेल्या रंगावर देण्याच्या पातळ पारदर्शक थरासाठी, आहे, 'फाइन डिटेल' अधिक पातळ असते, तर 'इम्पॅस्टो' दाट असून ब्रशचे ठसे धरून ठेवते. अमेरिकेतील गॅम्ब्लिन कंपनीची गल्किड जेल आणि नियो मेगिल्प हीसुद्धा अल्किडचीच आहेत. त्याच कंपनीचे सॉल्व्हंट-फ्री जेल करडईचे तेल आणि अल्किड यांपासून केलेले असते. ज्यांना टर्पेंटाइनच्या वासाने डोके दुखते त्यांनी त्याचा विचार करावा, मात्र द्रावकवाल्या जेलइतकी घाई त्याच्याकडून अपेक्षू नये.

पहिल्यांदा 75 मिलिलिटरचीच बाटली घ्यावी. मोठी बाटली दर मिलिलिटरमागे स्वस्त पडते, पण ती उघडल्यावर आत शिरलेली हवा जेलवर साय धरू लागते आणि नवशिक्याकडून बाटली संपायला महिने लागतात. ट्यूबमधले रंग कोणतेही चालतील. आपल्यापैकी पुष्कळांची सुरुवात कॅमलच्या तैलरंगांनी झालेली असते आणि शिकण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर किंवा रॉकेल मात्र चित्राच्या रंगात कधीही घालू नये. पातळ करायचेच असेल तर चित्रकारांसाठीचे शुद्ध टर्पेंटाइन वापरावे.

चित्राआधी एक आठवडा: नमुना-पट्टी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात. माझा आग्रह आहे की ती गाळू नये.

जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा लेप, लावलेल्या कॅनव्हासचा उरलेला तुकडा घ्यावा. त्यावर आपल्याकडील सहा रंगांचे, बोटभर रुंदीचे पट्टे दोन ओळींत ओढावेत. वरच्या ओळीत निव्वळ ट्यूबमधला रंग आणि खालच्या ओळीत तोच रंग जेल मिसळून घ्यावा. बर्न्ट अंबर, येलो ऑकर, अल्ट्रामरीन ब्लू, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि टायटेनियम व्हाइट हे सहा रंग पुरतात. शेजारी पेन्सिलने तारीख आणि वेळ लिहावी. मग रोज सकाळी एकदा, स्वच्छ कोरड्या बोटाच्या मागच्या बाजूने प्रत्येक पट्ट्याला हलकेच स्पर्श करावा आणि काय आढळले ते लिहावे: ओला, चिकट की सुका.

लिक्विन ओरिजिनलच्या बाबतीत उत्पादक एक ते सहा दिवस सांगतात, आणि हा एवढा मोठा पल्ला रंगावर व थराच्या जाडीवर अवलंबून असतो. आपल्या खोलीत, आपल्या रंगांना त्यांपैकी किती दिवस लागतात हे बाटलीवर छापलेले नसते. एप्रिलमध्ये विदर्भातील कोरड्या हवेत जो पट्टा दुसऱ्या सकाळी सुकतो, तो जुलैत कोकणात तिसऱ्या-चौथ्या दिवशीही चिकट राहू शकतो. ही पट्टी भिंतीवर लावून ठेवावी. पुढचे वर्षभर चित्राचे वेळापत्रक तिच्याकडे पाहून ठरवता येते.

मिश्रण: प्रमाण आणि हात

पॅलेटवर चार शेंगदाण्यांएवढा रंग घ्यावा आणि त्याच्या शेजारी एका शेंगदाण्याएवढे जेल. यापेक्षा अधिक जेल नेहमीच्या थरांत घालू नये. बाटलीतून घेताना स्वच्छ पॅलेट नाइफने घ्यावे, रंगाने माखलेला ब्रश बाटलीत बुडवू नये आणि उरलेले जेल बाटलीत परत टाकू नये. हवेचा स्पर्श झालेले जेल आत गेले की उरलेल्या बाटलीवर त्याचा परिणाम होतो.

नाइफने रंग आणि जेल एकत्र करताना ते गोल गोल ढवळण्याऐवजी दाबून पसरवावे, गोळा करावे आणि पुन्हा पसरवावे. पाच-सहा वेळा असे केले की रंगातील जेलच्या रेषा नाहीशा होतात. या रेषा राहिल्या तर कॅनव्हासवर एकाच फटकाऱ्यात कोठे चकाकी आणि कोठे मंद पृष्ठभाग दिसतो. याच वेळी जेलचा एक गुण हाताला कळतो. स्थिर असताना ते घट्ट असते, नाइफ फिरू लागताच सैल होते आणि हात थांबला की पुन्हा आळते. बाटलीत ते गोठल्यासारखे दिसले तरी ते बिघडलेले नसते आणि त्यात टर्पेंटाइन ओतून पातळ करण्याची गरज नसते.

एका वेळी अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढेच मिश्रण करावे. तयार मिश्रणाचे ढीग तासनतास पॅलेटवर राहिले तर कडेने दाटू लागतात, आणि तो अर्धवट आळलेला रंग चित्रात गेला की कणीदार दिसतो.

जेल प्रत्येक रंगात घालावे का, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की एका थरातील सगळ्या रंगांत घालावे आणि साधारण सारखेच घालावे. केवळ पांढऱ्यात किंवा केवळ लालमध्ये घातले तर थर ठिगळांसारखा सुकतो, आणि दुसरा हात केव्हा द्यायचा हे ठरवणे अवघड होते. अंबर मुळातच लवकर सुकतो, त्यात थोडे कमी चालेल.

थरांचा क्रम

तैलचित्रणातला जुना नियम सांगतो की वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक तेलकट, म्हणजे अधिक लवचीक असावा. कलाशाळांत त्याला 'फॅट ओव्हर लीन' म्हणतात. त्यामागचे कारण साधे आहे. तेल प्राणवायू शोषते तेव्हा थर किंचित फुगतो, पुढे आकसतो, आणि ही हालचाल वर्षानुवर्षे थोडी थोडी चालू राहते. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा अजून हलतो आहे, अशी स्थिती आली की वरच्याला भेगा पडतात. वाळलेल्या तळ्याच्या चिखलावर जशा भेगा दिसतात, तशाच या असतात.

जेल वापरताना हा नियम दोन ठिकाणी मोडतो, आणि दोन्ही ठिकाणी नवशिक्याला त्याचा पत्ता लागत नाही. पहिले ठिकाण म्हणजे जाड, निव्वळ ट्यूबमधल्या कॅडमियम किंवा काळ्या रंगावर, तो वरून सुकल्यासारखा वाटला म्हणून, जेलचा पातळ थर देणे. जेल दोन दिवसांत घट्ट होते, खालचा जाड रंग आतून महिनोन्महिने ओला असतो. दुसरे ठिकाण म्हणजे पहिल्या थरात भरपूर जेल घालणे आणि नंतर घाई संपली म्हणून वरच्या थरांत केवळ टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग लावणे. असा वरचा थर दुबळा असतो आणि खालच्या चकचकीत पृष्ठभागाला नीट धरतही नाही.

यावर सोपा मार्ग असा आहे. जेल वापरायचे ठरवले तर चित्राच्या पहिल्या थरापासून वापरावे, पहिल्या थरात ते थोडे कमी आणि टर्पेंटाइनचे दोन-चार थेंब, मधल्या थरांत एकास चार हे प्रमाण, आणि शेवटच्या ग्लेझमध्ये सर्वांत जास्त. जाड थर हवे असतील तर ते शेवटी ठेवावेत, खाली नकोत. मधूनच जेल सोडून साध्या जवसाच्या तेलाकडे जायचे असेल तर ते केवळ वरच्या थरांत करावे.

एक सराव: तांब्याची कळशी

हे सगळे एका वस्तूवर करून पाहावे. खिडकीजवळ, एका बाजूने उजेड येईल अशी तांब्याची कळशी ठेवावी आणि 12 × 16 इंचांचा, जेसोचे दोन हात दिलेला कॅनव्हास घ्यावा. तांबे मुद्दाम निवडले आहे, कारण त्याची खोल, आतून पेटल्यासारखी चमक अपारदर्शक रंगाच्या एका थरात साधत नाही.

पहिल्या दिवशी केवळ बर्न्ट अंबरने छाया-प्रकाश मांडावा. अंबरमध्ये थोडे जेल आणि टर्पेंटाइनचे थेंब घालून तो चहाच्या रंगाइतका पातळ करावा. उजेडाच्या जागा कापडाने पुसून कॅनव्हासचा पांढरा उघडा ठेवावा. कळशीचा काठ, गळ्याखालची गडद पट्टी, पोटावरचा प्रकाश आणि खाली पडलेली सावली एवढे आले की थांबावे. हा थर बहुधा दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो.

तो सुकल्यावर कळशीच्या अंगाचा रंग द्यावा. येलो ऑकर, बर्न्ट सिएना, टायटेनियम व्हाइट आणि किंचित कॅडमियम रेड, यांत एकास चार जेल. येथे कळशी हव्या त्या रंगापेक्षा थोडी फिकट आणि थोडी थंड रंगवावी, कारण वर उबदार ग्लेझ येणार आहे. हे पहिल्यांदा करताना हात कचरतो, कळशी पितळेची आणि फिकी दिसते, पण ती तशीच ठेवावी. मग पट्टीवर कॅडमियमला जितके दिवस लागले तितके दिवस थांबावे, आणि वर एक दिवस अधिक.

ग्लेझ हा या सरावाचा गाभा आहे. पारदर्शक रंग घ्यावेत. बर्न्ट सिएना आणि त्यात अलिझरिनचा स्पर्श पुरेसा आहे. येथे रंगापेक्षा जेल अधिक असते, मात्र थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक फटकारा दिसला पाहिजे. मऊ, रुंद, कोरड्या ब्रशने तो कळशीच्या पोटाच्या वळणाने पसरवावा, मग दुसऱ्या स्वच्छ ब्रशच्या टोकाने हलकेच थोपटून ब्रशच्या रेषा मिटवाव्यात. पोटावरच्या प्रकाशाच्या जागेवरून बोटावर गुंडाळलेले सुती कापड एकदाच फिरवावे. ग्लेझ तेथून निघतो, खालचा फिकट रंग उजळून वर येतो, आणि कळशी एकाएकी तांब्याची होते. उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटून पुन्हा बाहेर येतो, म्हणून ही खोली दिसते. पॅलेटवर मिसळून केलेल्या तपकिरी-लाल रंगात ती कधीच मिळत नाही, आणि तैलरंग शिकण्याचे कष्ट घ्यावेत असे वाटायला लावणारा तोच क्षण आहे.

हे सगळे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उरकावे. काठावरचे तेजस्वी पांढरे ठिपके ग्लेझ सुकल्यानंतर, शेवटी द्यावेत.

चिकट झाले की हात काढावा

जेल घातलेला रंग ओल्यापासून सुक्याकडे जाताना एका चिकट अवस्थेतून जातो. ब्रश फिरवताना किंचित ओढ जाणवू लागते आणि हलका चरचर आवाजही येतो. त्या क्षणी ती जागा सोडावी.

माझ्या एका चित्रात निळसर पार्श्वभूमीवर ग्लेझ दिला होता. मध्ये तासाभराचा खंड पडला आणि परत आल्यावर एक कोपरा असमान दिसला म्हणून मी त्यावर ब्रश फिरवला. ब्रशने तो अर्धवट आळलेला थर फाडत नेला. ते पट्टे मिटवण्याच्या प्रयत्नात तळहाताएवढ्या जागेत खालचा थरही उघडा पडला. त्या कोपऱ्याला तसेच सोडून दुसऱ्या दिवशी वरून पुन्हा ग्लेझ दिला असता, तर काम दहा मिनिटांचे होते. प्रत्यक्षात ती जागा खरवडून, सुकवून, पुन्हा रंगवण्यात आठवडा गेला.

आणखी एक अडचण हमखास येते. सुकलेल्या जेलचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि त्यावर नवा रंग लावला की तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन गोळा होतो. तसे झाले तर रंग तेथून पुसून घ्यावा. थर पूर्ण सुका असेल तर अगदी बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा, पुसून कोरडे करावे आणि मग काम पुढे न्यावे. सँडपेपर कोरडा वापरू नये. कॅडमियमसारख्या रंगांची धूळ श्वासातून आत जाणे घातक आहे.

इम्पॅस्टोबद्दल थोडक्यात सांगायचे तर जाड थरासाठी त्याच कामासाठी बनवलेले दाट जेल घ्यावे, साधे नव्हे. फार जाड थर एकदम दिला तर वरची साय आधी धरते, आतला भाग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. हवी ती उंची दोन-तीन वेळा चढवावी.

पावसाळा, अंधार आणि भिंत

दमट हवेत सगळेच सावकाश होते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक थराला जादा दिवस द्यावेत. प्रमाणाबाहेर जेल घालून ती भरपाई करू नये. सुकत ठेवलेले चित्र पलंगाखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये, कारण तेलाचे थर अंधारात सुकले तर अधिक पिवळे पडतात. खोलीतला नेहमीचा उजेड आणि खेळती हवा पुरते, कडक ऊन नको. ओल येणाऱ्या भिंतीला कॅनव्हास टेकवला तर मागच्या बाजूने बुरशी धरते. भिंत आणि चित्र यांच्यात चार बोटे अंतर राहील अशी सोय करावी.

साफसफाई, आणि चिंध्यांबद्दल गांभीर्याने

ब्रश त्याच दिवशी, काम संपताच धुवावेत. साधा तैलरंग रात्रभर ब्रशमध्ये राहिला तर दुसऱ्या दिवशी सुटतो, जेलवाला रंग केसांच्या मुळाशी घट्ट बसतो आणि ब्रश कायमचा जातो. आधी कापडाने पुसून, मग टर्पेंटाइनमध्ये खळबळून, शेवटी साबणाने तळहातावर फेस स्वच्छ येईपर्यंत धुवावा. काचेचे पॅलेट असेल तर सुकलेला रंग ब्लेडने सोलून निघतो.

चिंध्यांचा मुद्दा मात्र कोणी हलक्यात घेऊ नये. तेल आणि अल्किड हवेतील प्राणवायू शोषतात तेव्हा उष्णता निर्माण होते. कॅनव्हासवरच्या पातळ थरात ती निघून जाते, पण तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली तर घड्यांच्या आत उष्णता साठत जाते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, कोणाला काडी ओढावी लागत नाही. मे महिन्यात, बंद खोलीत, ढीग करून ठेवलेल्या चिंध्या हा खरा धोका आहे. प्रत्येक बैठकीनंतर चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवाव्यात, किंवा घराबाहेर एकेक पसरून पूर्ण सुकू द्याव्यात आणि मगच टाकाव्यात. काम करताना खिडकी उघडी असावी, खोलीत विस्तव किंवा सिगारेट नसावी आणि हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत.

बाटलीचे तोंड आणि झाकणाचे आटे प्रत्येक वेळी पुसावेत, नाहीतर झाकण चिकटून बसते. बाटली अर्धी झाली की उरलेले जेल लहान बाटलीत काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. वर साय आली असेल तर ती नाइफने उचलून टाकावी, जेलमध्ये ढवळू नये. खालचे जेल मऊ असेल तर ते वापरता येते.

व्हार्निशची घाई

चित्र पूर्ण झाले, हाताला सुकेही लागले, आणि काही जागा मंद, काही चकचकीत दिसतात म्हणून पुष्कळ जण अखेरचा हात जेलचाच देतात. हे करू नये. व्हार्निशचे काम असे की ते धूळ-धूर स्वतःवर घेते आणि पुढे कधीतरी, चित्राला धक्का न लावता, काढून नवे लावता येते. जेल सुकले की ते चित्राचाच भाग होते. त्यावर बसलेली काजळी काढायची झाली तर रंगालाच हात लावावा लागतो.

नेहमीच्या व्हार्निशसाठी पातळ थरांच्या चित्राला सहा महिने आणि जाड थरांच्या चित्राला वर्षभर द्यावे. हाताला सुकणे आणि आतून पक्के होणे यांतला फरक येथे शेवटचा तपासला जातो. चित्राच्या सर्वांत जाड, गडद जागेवर, कडेला, कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये किंचित ओली करून हलकेच फिरवावी. कापसाला रंग लागला तर आणखी दोन महिने थांबावे. ही तपासणी केव्हा करायची हे आठवणीवर सोडू नये. चित्र संपले त्या दिवशीच कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलने प्रत्येक थराची तारीख, वापरलेले जेल आणि त्याचे प्रमाण लिहावे, आणि त्याखाली कापसाच्या काडीने तपासण्याची तारीख.